पोटखराब्यातली वस्ती

सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली पोटखराब्याचा रकाना असतो. खडक, मुरूम, टेकाड, ओढ्याची घळ, जे जे नांगराखाली येत नाही ते सगळे त्यात मांडले जाते. सामाईक माळ असला तर त्याची नोंद गायरान म्हणून होते आणि पडीक जमिनींच्या सरकारी नकाशावर त्याला आपला एक रंग मिळतो. या पुस्तकाचा विषय तो रकाना आहे. तिथे काय उगवते, कोण अंडी घालते, रात्री कोण बाहेर पडते आणि पावसाविना जाणारे आठ महिने ही सगळी मंडळी कशी काढतात, याची ही नोंद आहे. मराठवाड्याच्या निसर्गाविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले त्यात जंगल आहे, जलाशय आहेत, लेण्यांभोवतीचे डोंगर आहेत. माळ फार थोडा आहे. म्हणून या पुस्तकाचे मला मोल वाटते.

या पुस्तकातला टापू देवगाव फाट्याच्या आसपासचा आहे. हा फाटा परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात येतो. इथून एक वाट सेलूकडे जाते, एक जिंतूरकडे, एक मंठ्याकडे. दक्षिणेला दुधनेच्या खोऱ्यातली काळी, भारी जमीन आहे: कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीला हरभरा आणि ज्वारी. उत्तरेला पूर्णेच्या अंगाने जमीन चढू लागते, काळ्याची करडी आणि करड्याची तांबूस होते, दगड वर येतो आणि बरड लागते. बसमधून जाणाऱ्याला हा बदल पाच-दहा मिनिटांत दिसून जातो. वनस्पती आणि प्राण्यांच्या दृष्टीने मात्र तिथे एक सरहद्द आहे. काळ्या रानात ज्यांचे भागते त्यांतले बहुतेक जीव बरडावर टिकत नाहीत, आणि बरडावरच्यांना काळे रान मानवत नाही.

या टापूत वर्षाला सरासरी सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. नुसता आकडा वाचला तर याला कोरडा प्रदेश म्हणावेसे वाटणार नाही. पण नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीच्या माथ्यावरच आपले बहुतेक ओझे उतरवून येतात, आणि उरलेला पाऊस जून ते सप्टेंबरच्या मोजक्या दिवसांत सरीसरीने कोसळतो. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी ओतलेला बेसाल्ट, त्यावर कुठे वीतभर तर कुठे चार बोटे मुरूम. काळी जमीन पाणी धरते आणि दिवाळीनंतरही पीक पोसते. मुरमातले पाणी पाऊस थांबला की दोन दिवसांत निघून जाते. एकाच शिवारात, एकाच पावसाखाली, दोन वेगळी हवामाने नांदतात ती अशी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा माळावरचा दगड अनवाणी पायाला सोसवत नाही. त्याच दगडाला लागून टिटवी अंड्यांवर बसलेली असते.

कोरडेपणाच्या जोडीला एकटेपणा आहे, आणि तो अलीकडचा आहे. सोलापूरपासून बीड, जालना, परभणीमार्गे वाशीम-अकोल्यापर्यंत दख्खनचा गवताळ पट्टा एकेकाळी सलग होता. धरणे झाली, कालवे आले, ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले, आणि नांगराला जेवढे शक्य होते तेवढे त्याने घेतले. आता माळ तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. हरणाला एका तुकड्यातून दुसऱ्यात जाता येते, जिवावर उदार होऊन का होईना. सरड्याला, बिळातल्या बेडकाला, जमिनीखालच्या कंदाला ते जमत नाही. समुद्रातल्या बेटांवरची जीवसृष्टी पाहायला शास्त्रज्ञ हजारो मैल जातात. कापूस आणि सोयाबीनने वेढलेली ही बेटे तालुक्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

अगदी टोकाचे उदाहरण पाहायचे तर मंठा ओलांडून उत्तरेला लोणारला जावे. उल्कापाताने बेसाल्टात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आता सर्वांना माहीत आहे. तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. त्यात मासा जगत नाही, पण सूक्ष्मजीवांची एक स्वतंत्र दुनिया जगते. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. उन्हाने पाणी आटून क्षार वाढले आणि खारेपणा आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचे फावले, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मला तिथली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती धारेची. विवराच्या काठावर गोड्या पाण्याचा झरा अखंड वाहतो आणि उतार संपला की माशाला न सोसणारे पाणी सुरू होते. लोणारवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून या पुस्तकात त्याला एकच प्रकरण आहे. ते योग्यच झाले.

आता गवत. या पुस्तकाचा खरा नायक तेच आहे आणि वाचकाने हे प्रकरण ओलांडून प्राण्यांकडे धावू नये अशी माझी विनंती आहे. शहरातल्या माणसाला गवत म्हणजे एकच हिरवी वस्तू. धनगराला विचारा, तो पवन्या वेगळा सांगेल, मारवेल वेगळे, कुसळी वेगळी, आणि कोणते कोवळे असताना चारायचे, कोणते कापून वाळवायचे, कोणत्यात मेंढरू घालायचेच नाही, हेही सांगेल. पवन्या आणि मारवेल ही माळाची श्रीमंती. चराई बेताची असली की ती टिकतात. ताण वाढला की ती मागे हटतात आणि कुसळीचे राज्य येते. त्याहून ताण वाढला तर कुसळीही जाते आणि उरतो तो तरोटा, ज्याला गुरे तोंड लावत नाहीत. माळाची तब्येत पाहायला यंत्र लागत नाही. ऑक्टोबरात पायाखाली कोणते गवत आहे एवढे पाहिले की कळते.

कुसळीचे बी एकदा हातात घेऊन पाहावे. एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि दुसऱ्या टोकाला बोटभर लांब काळसर शेपूट, दोरीसारखे पीळ पडलेले. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका. पीळ सुटू लागतो आणि ते शेपूट तुमच्या डोळ्यांदेखत सावकाश गोल फिरते. वाळले की उलटे फिरून पुन्हा पीळ घालते. माळावर हेच घडते: दव पडते, ऊन चढते, पुन्हा दव पडते, आणि प्रत्येक फेऱ्यात अणी मुरमात थोडी खोल जाते. मागे वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. सुताराच्या गिरमिटासारखे हे बी स्वतःला जमिनीत घालून घेते, आणि वणवा वरून निघून गेला तरी मातीखाली सुखरूप राहते. याच अणीमुळे ते मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरते, म्हणून धनगर कुसळी पिकायच्या आत कळप तिथून हलवतात. बियांचा आणि कळपांचा हा हंगाम एकमेकांना धरून बसलेला आहे.

गवताचा वरचा भाग दिवाळीनंतर वाळून जातो आणि माळ मेल्यासारखा दिसतो. जीव तेव्हा खाली असतो. कित्येक बहुवार्षिक गवतांच्या मुळ्यांचा पसारा वरच्या पात्यांपेक्षा मोठा असतो. पाऊस येताच नवे पाते त्या साठ्यावर फुटते, त्याला मातीकडून लगेच काही मागावे लागत नाही. हवेतला कार्बन अशा गवताळ जमिनीत बहुतांश जमिनीखाली साठतो, आणि म्हणून वणव्यात तो जंगलातल्यासारखा एका दिवसात निघून जात नाही. हवामानाच्या चर्चेत झाडाचे नाव घेणारे पुष्कळ भेटतात, गवताचे नाव क्वचित निघते.

जमिनीखाली वाट पाहणाऱ्यांत गवत एकटे नाही. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात, एकही पान नसताना, रानकांद्याचा उघडा दांडा मुरमातून वर येतो आणि त्याला करड्या-पिवळट फुलांचा झुबका लागतो. पाने नंतर, पावसात. आधी फूल आणि मग पान हा उलटा क्रम पाहून नवखा माणूस चकित होतो, पण त्यामागे चोख व्यवहार आहे. उन्हाळ्यातच फूल उरकले की बी पहिल्या पावसाला तयार असते. कर्टुल्याचा वेल असाच दरसाल कंदातून उठतो, त्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नुसते नर वेल असलेल्या बांधावर वर्षानुवर्षे वाट पाहिली तरी भाजी मिळत नाही. वाघाटीची फळे आषाढी द्वादशीला उपवास सोडताना ताटात लागतात, तेव्हा तिच्या काटेरी वेलीसाठी माळ धुंडाळावाच लागतो.

कंदीलपुष्पाविषयी थोडे जास्त सांगतो. पाऊस स्थिरावला की खडकाच्या कपारीतून किंवा झुडपाच्या आधाराने ही नाजूक वेल वर येते. फूल बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसते: तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली जाळी, हुबेहूब कंदील. वासाने खेचल्या गेलेल्या बारीक माश्या नळीतून आत घसरतात. नळीतले केस खाली झुकलेले असल्याने परत वर येता येत नाही. माशी आत फिरत राहते, तिच्या अंगाला परागाचा ठेवा चिकटतो. पुढे फूल म्लान होते, केस मऊ पडतात, फूल कलते आणि माशी सुटते, ती थेट दुसऱ्या कंदिलात अडकायला. तिला इजा काही होत नाही. या वेलीचा कंद खाण्याजोगा असतो, आणि गुराखी पोरांनी तो पिढ्यानपिढ्या उकरून खाल्ला आहे. त्यांच्या खाण्याने ही वेल संपली नाही. ती संपते आहे ते मुरूम उपसणाऱ्या यंत्राने.

माकडशिंगाचेही तसेच. चौकोनी, मांसल, बिनपानांच्या कांड्या निवडुंगाच्या आश्रयाने उभ्या असतात. दिवसा ही वनस्पती आपली रंध्रे मिटून घेते आणि हवा रात्री घेते, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. फुलाला कुजल्या मांसाचा वास, कारण त्यालाही बोलवायच्या असतात त्या माश्याच.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगणारी म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत. सुकडी आणि मिलो सगळ्यांना आठवते. थोडे खोलात विचारले की बरबडा निघतो. माळावर आणि पडीत आपोआप येणारे हे लहानसे झुडूप. त्याचे बी गोळा करून, दळून, भाकरी केलेली घरे मराठवाड्यात होती. धान्य देणाऱ्या काळ्या रानाने हात टेकले तेव्हा पोटखराब्याने खायला घातले, ही गोष्ट इथल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. नकाशे रंगवणाऱ्यांना ती सांगायला हवी.

मृग निघाला आणि पहिली खरी सर पडली की माळ एका रात्रीत बदलतो. वर्षाचा मोठा भाग जमिनीत गाडून घेतलेले बेडूक बाहेर येतात. त्यांच्या मागच्या पायांच्या टाचेला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्याने ते उलटे होत होत जमिनीत शिरतात. डबके टिकेल तेवढ्या दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, आणि पिल्लांनी पाय फुटेपर्यंत वाढायचे. डबके आधी आटले तर ते साल बुडाले. सकाळी मुरमावर मृगाचे किडे चालताना दिसतात, लाल मखमलीचे ठिपके. ते आठवडाभर दिसतात आणि पुन्हा मातीत जातात. संध्याकाळी वाळवीचे पंखवाले थवे उठतात आणि माळावर मेजवानी सुरू होते: कोतवाल, टिटव्या, सरडे, खोकड, सगळे येतात. वाळवीला घरात आपण शत्रू मानतो. माळावर वाळलेले गवत पुन्हा मातीत घालण्याचे बरेचसे काम तीच करते.

सरड्यांचा उल्लेख केलाच आहे तर एक आनंदाची गोष्ट. गळ्याखाली रंगीत पंखा उघडून मादीला रिझवणारे सरडे महाराष्ट्राच्या माळांवर आणि पठारांवर पूर्वीपासून माहीत होते, पण सगळ्यांना मिळून एकच समजले जाई. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांची नीट छाननी करून एक नवी प्रजाती (genus) वेगळी काढली आणि तिला 'सरडा' हेच नाव दिले. निळा, काळा, केशरी असा तो पंखा उन्हात उघडतो तेव्हा दगडावर कुणी पताका लावली असे वाटते. माळावर अजून किती जीव असे एका नावाखाली दबून आहेत ते शोधायला तरुणांनी यावे.

पक्ष्यांत मला माळटिटवी आणि पखुर्डी या दोघांकडे वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. माळटिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. घरटे म्हणजे नुसता उथळ खळगा आणि भोवती खडे. अंड्यांचा रंग इतका मातीशी मिळणारा की समोर असून पाय पडावा. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणे अवघड. म्हणून ती डबक्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. पखुर्डी त्याच्याही पुढे जाते. ही दाणे टिपणारी चिडी कोरड्या बियांवर जगते, म्हणून तिला पाणी रोज लागते. सकाळी ऊन चढता चढता पखुर्ड्यांचे थवे ठरल्या वेळी पाणवठ्यावर उतरतात. नराच्या पोटावरची पिसे पाणी शोषून धरतील अशा घडणीची असतात. तो पाण्यात पोट बुडवून बसतो, मग कित्येक किलोमीटर उडून पिल्लांकडे येतो आणि उभा राहतो. पिल्ले त्याच्या पिसांतून पाणी ओढून पितात. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने हे पाळलेल्या पक्ष्यांत पाहून लिहिले. बहुतेकांनी ते खरे मानले नाही. १९६७ साली केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या कलहारीत पखुर्डीच्याच जातभाईंवर नीट अभ्यास करून ते सिद्ध केले. पिण्याचे पाणी डोक्यावरून आणणाऱ्या मराठवाड्याला हा पक्षी परका वाटू नये.

थंडीत पाहुणे येतात. भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतो, गवताच्या शेंड्यांना चाटून उडावे तसा खालून संथ उडत नाकतोडे आणि उंदीर टिपतो, आणि झाडावर न बसता गवतातच जमिनीवर रात्र काढतो. गवत नसेल तर त्याला इथे निजायला जागा नाही. हजारो किलोमीटर ओलांडून आलेल्या पाहुण्याची एवढीच मागणी असते.

जे गेले त्यांच्याबद्दलही लिहिले पाहिजे. माळढोक दख्खनच्या माळांचा पक्षी. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. ते पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा, उडताना समोरची वीजवाहिनी वेळेत न दिसणारा हा जड पक्षी आता देशात सुमारे दीडशे उरला आहे, तोही मुख्यतः राजस्थानात. महाराष्ट्रात त्याचे दर्शन आज अपवाद झाले आहे. तणमोराची कथा थोडी आशेची आहे. पावसाळ्यात नर उंच गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसाला पाचशेपर्यंत उड्या. वाशीम-अकोला भागात त्याच्या रक्षणाच्या कामात फासेपारधी समाजाची माणसे पुढे आली. फासे लावण्याचे पिढीजात कसब असलेल्या या लोकांना पक्ष्याच्या सवयी जेवढ्या ठाऊक आहेत तेवढ्या पुस्तकी अभ्यासकाला नाहीत. ज्यांना आपण गुन्हेगार ठरवून गावाबाहेर ठेवले, त्यांच्या ज्ञानावर आज एक पक्षी तगून आहे.

काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावतो. इथल्या कोणत्याही शिकारी प्राण्यापासून सुटायला एवढा वेग लागत नाही. तो वेग चित्त्यासाठी होता. चित्ता दख्खनमध्ये होता, कोल्हापूर दरबारी काळवीटाच्या पारधीसाठी चित्ते पाळले जात, आणि १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. काळवीट मात्र अजून त्याच्यासाठीच धावतो आहे. धोका दिसला की तो झाडीत लपत नाही, मोकळ्यावर येतो, कारण त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर आहे. झाडी वाढली की त्याचे हे दोन्ही आधार जातात.

लांडग्याची बाजू घेणे अवघड आहे आणि मी ती घेणार आहे. आपल्याकडचा लांडगा अंगाने बारीक, पातळ केसांचा, उन्हाला सरावलेला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक असल्याचे दाखवले. देशात तो दोन-तीन हजारांच्या घरात आहे, म्हणजे वाघाच्याच आसपास, पण वाघासाठी जसे राखीव क्षेत्र आहे तसे त्याच्यासाठी फारसे कुठे नाही. त्याचे घर म्हणजे हा पोटखराबा. धनगराची मेंढी तो नेतो, धनगर त्याला शिव्या देतो, कुत्री सोडतो, रात्रभर जागतो. तरी माळावर त्याचे असणे धनगराने आजवर गृहीत धरले आहे. ही सोबत मोडते ती चराईचा माळ कमी झाल्यावर, कारण तेव्हा दोघांनाही जायला जागा उरत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूचे प्रकरण या पुस्तकात आहे याचे मला विशेष समाधान वाटते. सोयाबीन दोन पानांवर असताना हरणांचा कळप एका रात्रीत एकर साफ करतो. हरभऱ्यात रोही शिरले तर खाते थोडे आणि तुडवते जास्त. मग जागल आली, पत्र्याचे डबे बडवणे आले, बांधाला साड्या बांधणे आले, झटका मशीन आली, पंचनाम्यासाठी खेटे आले. हे सोसणाऱ्या माणसाला वन्यजीवप्रेमावर प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण हरीण पिकात का येते, याचे उत्तर पुन्हा माळावरच सापडते. माळावर मारवेल असते तोवर त्याला तिथे पोट भरता येते. आपण माळ खाल्ला, म्हणून ते शेतात आले. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळालीच पाहिजे, आणि तिच्याइतकाच गवताचा माळ परत उभा राहिला पाहिजे. एकावाचून दुसरे निभणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. गायरान वाचवा म्हटले की काहींची बोटे लगेच गायरान कसणाऱ्या भूमिहीनांकडे वळतात. मराठवाड्यात हा विषय दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपर्यंत मागे जातो. ज्यांना गावाने कधी जमिनीचा तुकडा दिला नाही, त्यांनी कष्टाने लागवडीला आणलेली दोन-तीन एकर बरड हे माळाच्या ऱ्हासाचे कारण नाही. कारणे मोठी आहेत: रस्त्यांच्या भरावासाठी रात्रंदिवस चाललेला मुरूम उपसा, खडी केंद्रे, आणि तिसरे, ज्याबद्दल बोलायला धाडस लागते, ते म्हणजे वृक्षारोपण.

१९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून माळ म्हणजे विकसित करायची जमीन हे समीकरण पक्के झाले. सलग समतल चर खणले गेले, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले गेले. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले. गावात, बांधावर, नदीकाठी, तोडलेल्या जंगलात झाड जरूर लावावे. पण जो माळ हजारो वर्षे गवताचाच होता, तिथे चर खणला की पवन्याचे मूळ तुटते, कंदीलपुष्पाचा कंद उघडा पडतो, धाविक पक्ष्याला धावायला सपाटी राहत नाही, आणि काळवीटाची नजर अडते. बरीच रोपे पहिल्या उन्हाळ्यात वाळून जातात, चर तेवढे राहतात. माझे स्पष्ट मत आहे की माळावर झाड न लावणे हेही संवर्धन आहे, आणि त्याचीही शासकीय नोंद व्हावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ माळराने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. जिल्हा पातळीवरच्या आराखड्यांत निदान गायरानाचा एक भाग गवतासाठी राखून ठेवायला यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

या अभ्यासाची परंपरा लहान आहे, पण भक्कम आहे. परभणी निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ साली, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ती आजही तुलनेसाठी पाया म्हणून उपयोगी पडते. वनस्पतींसाठी औरंगाबादच्या विद्यापीठातले प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ साली दोन खंडांत मराठवाड्याच्या वनस्पतींची सूची दिली. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कोरडवाहू पिकांवर तिथे मोठे काम झाले आहे. पक्ष्यांची मराठी नावे मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशामुळे एका जागी सापडतात. या सगळ्यांनी जे दिले त्यात या पुस्तकाने एका छोट्या टापूचा बारकावा घातला आहे: कोणत्या माळावर, कोणत्या महिन्यात, काय. नावे देताना सेलू-जिंतूरच्या गावांत जे म्हणतात ते आधी दिले आहे आणि ग्रंथातले मागून, म्हणजे धनगराशी बोलताना वाचकाची पंचाईत होणार नाही.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला हवे असे नाही. मे महिना असेल तर रानकांद्याचे पान उघडून जवळच्या मुरमाडावर जावे. मृगाची सर पडली असेल तर बेडकांचे. ऑक्टोबरात गवतांचे, आणि डिसेंबरात भोवत्याचे, तेही दिवस मावळायच्या आधी तासभर. सोबत पाणी घ्यावे, पायात बंद बूट असावेत, कारण फुरसे दगडाखाली असते आणि ते पळून जात नाही. कुत्रा नेऊ नये. धाविकाच्या, माळटिटवीच्या, पखुर्डीच्या घरट्यांच्या जागा आणि लांडग्याची बिळे या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाहीत. फोटोसाठी घरट्याला गराडा पडला की मादी उठते, आणि मेच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात निकामी होतात. कुणाला अशी जागा आपोआप सापडली, तर तिथून दोनशे पावले मागे सरून, खाली बसून, दुर्बिणीतून पाहावे. आणि ती जागा मोबाईलवरून कुणालाही पाठवू नये.